ॲल्विनमधून अडीच किलोमीटर खाली : अर्जापासून बास्केट रिकामं होईपर्यंत

संशोधनासाठी सबमर्सिबलमधून, म्हणजे खोल पाण्यात उतरणाऱ्या छोट्या पाणबुडीतून, समुद्रतळाशी जायची शक्यता दिसायला लागली तेव्हा मी खूप शोधाशोध केली. खोली, दाब, टायटॅनियम याबद्दल ढीगभर वाचायला मिळालं, पण फॉर्म कोण भरतं, कपडे कुठले घालायचे, आत लघवीला लागली तर काय, आणि खाली पोचल्यावर पहिल्या काही मिनिटांत आपण नक्की काय करायचं असतं हे कुठेच सापडेना. आता माझी एक डाइव्ह झालीये, तर क्रमाने सगळं लिहून ठेवते.

मी गेले ती ॲल्विनमधून. अमेरिकेच्या नौदलाच्या मालकीची, पण चालवते वूड्स होल ओशनोग्राफिक इन्स्टिट्यूशन, १९६४ पासून. आज नाव तेच असलं तरी आतलं बाहेरचं जवळजवळ सगळं कधी ना कधी बदललं गेलंय, माणसं बसतात तो टायटॅनियमचा गोळा २०१३ च्या अपग्रेडमध्ये नवा आला आणि २०२२ मध्ये ६,५०० मीटरपर्यंत जायची परवानगी मिळाली, आधी ती ४,५०० होती. आत तीन माणसं, एक पायलट आणि दोन ऑब्झर्व्हर. पाणबुडी म्हटलं की लोकांना महिनोन् महिने पाण्याखाली राहणारं लांबलचक जहाज आठवतं, ही तशी नाही, ही रोज सकाळी ॲटलांटिस नावाच्या जहाजावरून पाण्यात सोडतात आणि संध्याकाळी परत उचलून डेकवर ठेवतात.

तर सुरुवात. सगळ्यात आधी हे लक्षात घ्या की ऑब्झर्व्हर म्हणून "मला जायचंय" असा अर्ज नसतो. अर्ज असतो प्रोजेक्टचा. माझ्या गाईडनी आणि आणखी दोन ठिकाणच्या लोकांनी मिळून एनएसएफकडे (विज्ञान संशोधनाला पैसे देणारी अमेरिकन सरकारी संस्था) प्रपोजल टाकलं होतं, त्यासोबत युनोल्सच्या (संशोधन जहाजांचा समन्वय बघणारी अमेरिकन संघटना) ऑनलाइन सिस्टिममध्ये जहाजाच्या दिवसांची वेगळी विनंती भरावी लागते, किती दिवस, कुठले अक्षांश रेखांश, ॲल्विन हवी की जेसन हा रिमोटवर चालणारा रोबो पुरेल, सोबत नकाशे बनवायला सेंट्री हा आपोआप फिरणारा रोबो हवा का, आणि हे सगळं का. जेसन का नको हा प्रश्न येतोच आणि त्याचं उत्तर प्रामाणिकपणे द्यावं लागतं, कारण जेसन दिवसरात्र खाली राहू शकतो आणि ॲल्विनला संध्याकाळी वर यावंच लागतं. आमचं उत्तर असं होतं की समुद्रतळावरच्या उष्ण झऱ्यांच्या, म्हणजे व्हेंटच्या, धुराड्यांसारख्या उभ्या चिमण्यांच्या गर्दीत तीन आयामांत डोळ्यांनी बघून जागा निवडायच्या होत्या, आणि केबल नसलेलं वाहन अशा जागी मोकळेपणाने फिरतं. प्रपोजल टाकल्यापासून मंजुरीपर्यंत साधारण वर्ष गेलं आणि त्यानंतर जहाजाच्या वेळापत्रकात जागा मिळेपर्यंत आणखी तेवढंच. या काळात मी सांगण्यासारखं काही केलं नाही, जुन्या डाइव्हचे व्हिडिओ बघत बसायचे एवढंच, आणि त्याचा पुढे फार उपयोग झाला.

खर्चाचं सगळे विचारतात. जहाज, ॲल्विन, प्रवास, राहणं-खाणं सगळं ग्रँटमधून, ऑब्झर्व्हरला डाइव्हचे पैसे पडत नाहीत. खिशातून गेलं ते मेडिकलच्या काही तपासण्या, लोकरीचे कपडे आणि समुद्र लागण्यावरच्या गोळ्या. सामान मात्र खूप आधी पाठवावं लागतं, आमचे क्रेट जहाज निघायच्या कित्येक आठवडे आधी बंदराकडे रवाना झाले होते, त्यामुळे "शेवटच्या क्षणी टाकू" असं काही नसतं. ज्या रसायनांची कागदपत्रं नीट नाहीत ती तिथेच अडकतात.

मेडिकलचा फॉर्म सप्टेंबरमध्ये आला. हृदय, रक्तदाब, फिट येणं, चालू औषधं, बंद जागेची भीती, सगळं विचारतात. बंद जागेबद्दल खरं लिहा, अगदी थोडी अस्वस्थता होत असेल तरी, कारण एकदा तळाशी गेल्यावर तुमच्यासाठी वर यायचं तर दीडएक तास लागणार आणि बाकी सगळ्यांचा दिवस संपणार. माझा फॉर्म क्लिनिकमधून एक सही राहून परत आला, मग पुन्हा अपॉइंटमेंट, पुन्हा वाट, आणि तोपर्यंत जहाजाच्या यादीत माझ्या नावापुढे "कागद बाकी" असं दिसत राहिलं. पासपोर्ट, व्हिसा यांचंही तसंच, कुठल्या देशाच्या बंदरातून निघणार आणि कुठल्या बंदरात उतरणार हे दोन्ही बघून ठेवा, परत येण्याचा शिक्का चालू आहे ना ते तपासा.

घरच्यांना सांगणं वेगळंच. जून २०२३ मध्ये टायटॅनिक बघायला गेलेली टायटन फुटून पाच जण गेले ते सगळ्यांच्या डोक्यात ताजं होतं. आईने पहिला प्रश्न तोच विचारला, "ही तसलीच आहे का गं?" मी तिला शांतपणे सांगितलं की त्या वाहनाचा मुख्य भाग कार्बन फायबरचा होता आणि त्याला कुठल्याही वर्गीकरण संस्थेचं प्रमाणपत्र नव्हतं, ॲल्विनचा गोळा टायटॅनियमचा आहे, नौदल तपासून प्रमाणपत्र देतं, आणि दर काही वर्षांनी ती पूर्ण सुटी करून परत जोडतात. सहा दशकांत पाच हजारांच्या वर डाइव्ह झाल्यात. ती लगेच निर्धास्त झाली असं नाही, पण नंतर तिने तपशील विचारायला सुरुवात केली, आणि मला वाटतं घरच्यांशी असंच बोलावं, "काही होत नाही" म्हणून गप्प बसवू नये.

जानेवारीत सॅन डिएगोहून निघालो. आमची जागा ईस्ट पॅसिफिक राइज या पॅसिफिकच्या तळावरच्या डोंगररांगेवर, ९ अंश ५० मिनिटं उत्तर, म्हणजे पोचायलाच आठवड्याला थोडे कमी दिवस. समुद्र लागण्याची गोळी निघायच्या आदल्या रात्रीच घ्या, त्रास सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग होत नाही. या दिवसांत बाटल्यांवर लेबलं लावणं, सॅम्पलर उघडून साफ करणं, कुठला नमुना कुठल्या फ्रीजमध्ये याचा तक्ता बनवणं चालतं. हे कंटाळवाणं वाटेल पण सगळी डाइव्ह यावर उभी असते.

आणि इथेच मला ती गोष्ट समजली जी आधी कुणीतरी सांगायला हवी होती. खाली जायची खुर्ची आपली नसते. जहाजावर वीसपंचवीस शास्त्रज्ञ, खाली जाणार दोन, त्यातही एखाद्या डाइव्हला शिकाऊ पायलट बसतो म्हणजे एकच. बाकी सगळ्यांचे हात आणि डोळे म्हणून आपण जातो. माझ्या डाइव्हच्या प्लॅनमध्ये माझं काम म्हणजे व्हेंटमधल्या गरम पाण्याचे नमुने, पण त्याच दिवशी सूक्ष्मजीववाल्या मुलीला चिमणीचा एक तुकडा हवा होता, एकाला शिंपले, आणि तिसऱ्याचा तापमान मोजणारा लॉगर आदल्या वेळी खाली ठेवलेला होता तो वर आणायचा होता. त्या लॉगरमध्ये त्याच्या पूर्ण थिसिसचा डेटा. मी प्रत्येकाकडे जाऊन बसले आणि विचारलं, तुला नक्की काय हवं, किती हवं, आणि वेळ कमी पडला तर काय सोडलं तर चालेल. हा शेवटचा प्रश्न जरूर विचारा आणि उत्तर लिहून घ्या.

माझं नाव यादीत होतं पण लाट वाढली की यादी सरकते. ॲल्विन पाण्यात सोडताना आणि उचलताना दोन स्विमर तिच्यावर उभे राहून दोर सोडतात-लावतात, त्यांच्यासाठी समुद्र ठीक नसेल तर डाइव्ह नाही, विषय संपला. माझा दिवस असा गेला आणि पुढचाही. मी डेकवर उभी राहून लाटा बघत होते आणि मला रडू येत होतं, कारण पुढे सरकलेली प्रत्येक डाइव्ह म्हणजे शेवटी कुणाची तरी कायमची गेलेली डाइव्ह. पण त्या दोन स्विमरना पाण्यात काम करताना ज्याने जवळून बघितलंय तो कधी या निर्णयावर कुरकुर करणार नाही.

डाइव्हच्या आधी पायलट गोळ्याच्या आत बसवून सगळं दाखवतो. ऑक्सिजन कुठून येतो, कार्बन डायऑक्साइड शोषणारा स्क्रबर कसा चालतो, धूर झाला तर मास्क कुठे, पाण्याखालच्या ध्वनी-फोनवर कसं बोलायचं, आणि पायलटलाच काही झालं तर वजनं सोडून वर कसं यायचं. तीन माणसांना ७२ तास पुरेल इतकी हवेची सोय असते. हे ऐकताना लक्ष देऊन ऐका, न समजलं तर पुन्हा विचारा, ते आनंदाने सांगतात. वजनही करतात, तुमचं आणि तुमच्या पिशवीचं, कारण पाण्यातला तोल त्यावर ठरतो. मग आदल्या संध्याकाळी प्लॅनची मीटिंग, कुठल्या क्रमाने कुठल्या व्हेंटवर, कुठली बाटली बास्केटमध्ये कुठे. बास्केट म्हणजे ॲल्विनच्या पुढे असलेली ट्रे, वर येणारं सगळं तिच्यातूनच येतं, त्यामुळे तिच्यातल्या इंच इंच जागेवर चर्चा होते.

कपडे : सुती किंवा लोकरी, थरावर थर. सिंथेटिक नको, कारण आत ऑक्सिजन आहे आणि आगीत ते कातडीला चिकटतं. परफ्यूम नको. बूट बाहेर, त्यामुळे जाड मोजे दोन जोड. तळाशी पाणी २ अंशांच्या आसपास असतं आणि गोळा हळूहळू गार होत जातो, भिंतीवर आतून दव धरतं, त्या भिंतीला पाठ टेकली की ओली होते. टोपी न्या.

आणि लघवी. सोय बाटलीचीच आहे, बायकांसाठीही वेगळं साधन मिळतं, ब्लँकेट धरायचं आणि बाकीचे दोघं खिडकीकडे तोंड करतात. आदल्या दिवसापासून पाणी बंद करू नका, डोकं दुखतं आणि आठ-नऊ तास नीट विचार करता येत नाही. मी फक्त सकाळचा चहा सोडला आणि आत शिरायच्या अगदी आधी जाऊन आले. लाज वाटायचं खरंच काही कारण नाही, तिथल्या प्रत्येकाने ते केलेलं असतं.

सकाळी आठच्या सुमारास हॅच बंद झालं. मागच्या मोठ्या ए-फ्रेमने उचलून पाण्यावर ठेवलं तेव्हा डाइव्हमधलं सगळ्यात जास्त हलणं तेवढ्यात होतं, खिडकीबाहेर हिरवट फेस आणि स्विमरचा हात, मग दोर सुटले, टाक्यांमधली हवा सोडली आणि हलणं थांबलं. एकदम. कान दुखत नाहीत, कारण आत दाब जमिनीवरचाच असतो, वर येतानाही स्कूबासारखं थांबत थांबत यावं लागत नाही. बाहेर मात्र दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढत जातो, आमच्या खोलीवर म्हणजे अडीच हजार मीटरवर २५० पट, प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पाव टन.

खाली जायला सव्वा-दीड तास. इंजिन लावून जात नाही, वजनांनी बुडत जाते. निळा रंग गडद होत होत गेला आणि मग काळं. वीज वाचवायला बाहेरचे दिवे बंद असतात, आणि त्या काळ्यात प्रकाश देणारे जीव खिडकीला घासून जाताना चमकत होते, निळसर ठिपके, माळा, एकदा मोठा फटकारा. मी वही मिटून ठेवली होती आणि ते बरं केलं. या वेळात प्लॅन वाचत बसू नका, तो पाठ असायला हवा.

तळ आधी सोनारवर, म्हणजे ध्वनीने अंतर मोजणाऱ्या यंत्रावर, आला, मग पायलटने वजनाचा एक भाग सोडून तोल साधला आणि दिवे लावले. काळा काचेसारखा चकाकणारा लाव्हा, उशांसारखा फुगलेला, मधे कोसळलेले खड्डे. पहिली काही मिनिटं माणूस नुसता बघत राहतो, राहू द्या, पण तोंडाने बोलत राहा, काय दिसतंय, वेळ किती, दिशा काय. आवाज रेकॉर्ड होतो आणि वर सगळ्यांना त्याचाच आधार असतो. जहाजाशी बोलणं ध्वनीने चालतं, आवाज पाण्यात सेकंदाला साधारण दीड किलोमीटर जातो, त्यामुळे आपला शब्द वर पोचायलाच पावणेदोन सेकंद आणि उत्तर यायला तेवढेच. सावकाश, थोडक्यात बोला.

पहिला ब्लॅक स्मोकर दिसला तेव्हा मी काय बोलले ते रेकॉर्डिंगमध्ये आहे आणि त्यात एकही शास्त्रीय शब्द नाही. माझ्या सगळ्या अभ्यासाचा विषय हा, आणि मी तो पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी बघत होते. १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ ॲल्विनमधूनच असे उष्ण झरे आणि त्यांच्याभोवतीचं जीवन पहिल्यांदा दिसलं, आणि काळा धूर ओकणाऱ्या चिमण्या १९७९ मध्ये, याच राइजवर अजून उत्तरेला. धूर म्हणतात पण तो धूर नाही, साडेतीनशे अंशांच्या वरचं पाणी गार समुद्रात मिसळलं की त्यातली धातूंची सल्फाइडं कण होऊन बाहेर पडतात. इतकं गरम असून ते उकळत नाही, दाबामुळे. शेजारीच ट्यूबवर्म, पांढऱ्या नळ्या आणि लाल तुरे. तोंड नाही, आतडं नाही, अंगातले जिवाणू हायड्रोजन सल्फाइड वापरून त्यांना पोसतात. फोटोत हे निश्चल दिसतं, प्रत्यक्षात सगळं थरथरतं, वाहत्या गरम पाण्यामुळे पलीकडचं दृश्य पाघळल्यासारखं दिसतं, आणि आकार किती, अंतर किती हे खिडकीतून बघताना जे कळतं ते स्क्रीनवरून मला कधीच कळलं नव्हतं.

मग काम. आधी तापमानाची सळई चिमणीच्या तोंडात, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. मग टायटॅनियमची सिरिंज, आम्ही तिला मेजर म्हणतो, तिची नळी नेमकी तिथेच. पायलटचे हात यांत्रिक असूनही इतके हलके चालतात की श्वास रोखून बघत राहावं. घाई करू नका असं मला गाईडनी बजावलं होतं, "एक नमुना कमी आण पण स्वच्छ आण." कारण नळी जरा सरकली की समुद्राचं पाणी आत येतं, आणि ते नंतर मॅग्नेशियमवरून उघड होतं, शुद्ध व्हेंटच्या पाण्यात मॅग्नेशियम जवळजवळ शून्य, समुद्राच्या पाण्यात भरपूर. शेवटच्या बाटलीच्या वेळी पायलटने विचारलं, वेळ एवढा उरलाय, बाटली की लॉगर? माझ्याकडे लिहिलेलं उत्तर होतं. लॉगर. तो शिंपल्यांच्या गर्दीत रुतून बसला होता, निघायला वेळ लागला, पण निघाला.

जेवण मधेच, खिडकीतून नजर न काढता. १९६८ मध्ये दोर तुटून ॲल्विन बुडाली होती, माणसं सुखरूप बाहेर पडली पण जेवणाचे डबे आत राहिले, आणि सुमारे दहा महिन्यांनी दीड किलोमीटर खोलीवरून ती वर काढली तेव्हा ते सँडविच बऱ्यापैकी टिकलेले होते. त्यावरून खोल समुद्रात जिवाणू किती हळू काम करतात यावर संशोधन सुरू झालं. पायलटने ही गोष्ट सांगितली, मला आधीच माहीत होती, तरी तिथे बसून ऐकायला छान वाटलं.

दुपारी उरलेली वजनं सोडली आणि वर निघालो. वर येतानाचा वेळ नोंदी पूर्ण करायला वापरा, कुठली बाटली कुठल्या व्हेंटची हे तेव्हाच लिहा, डेकवर गेल्यावर डोकं चालत नाही. पाच वाजता डेकवर. पहिल्यांदा गेलेल्यावर बर्फाचं पाणी ओततात, माझ्यावरही ओतलं, सुके कपडे आधीच कुणाकडे तरी देऊन ठेवा.

आणि लगेच बास्केटकडे. सडक्या अंड्यांसारखा वास, तो सल्फाइडचा. सगळे आपापली बादली घेऊन उभे होते, जीव थंड खोलीत धावत नेले, चिमणीचा तुकडा तिने दोन्ही हातांनी घेतला, आणि लॉगरवाल्याने केबल जोडून डेटा आहे असं ओरडून सांगितलं तेव्हा मला माझ्या बाटल्यांपेक्षा जास्त आनंद झाला. माझं काम मध्यरात्रीपर्यंत चाललं, पीएच लगेच मोजावा लागतो, वायू निसटतात. दुसऱ्या दिवशी डाइव्ह रिपोर्ट, झोप येत असली तरी त्याच दिवशी लिहा.

रिपोर्टला कमी लेखू नका याचं एक कारण सांगते. हा भाग १९९१ मध्ये आणि पुन्हा २००५-०६ मध्ये लाव्ह्याखाली गेला होता, आणि एप्रिल २०२५ मध्ये तिथे पुन्हा उद्रेक झाला, त्या वेळी ॲल्विनमधले लोक खालीच काम करत होते. टिका नावाच्या व्हेंटवर आदल्या दिवशीपर्यंत जिवंत असलेली ट्यूबवर्मची वस्ती गेली. आता तिथे आधी काय होतं ते आमच्यासारख्यांच्या व्हिडिओत, बोललेल्या वाक्यांत आणि नोंदींतच आहे, आणि पुन्हा जीव कसे येतात याची तुलना लोक त्यांच्याशीच करणार. म्हणून मी माझा रिपोर्ट नंतर पुन्हा काढून, व्हिडिओची वेळ आणि जागा जुळवून, अजून सविस्तर करून दिला.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी : दर डिसेंबरमध्ये एजीयूच्या (अमेरिकन जिओफिजिकल युनियन) मोठ्या परिषदेच्या आसपास युनोल्सची खोल समुद्राची समिती भेटते आणि तिथे नवख्यांसाठी वेगळा कार्यक्रम असतो, प्रपोजल लिहिण्याआधी तिथे जा, पायलट आणि इंजिनिअर स्वतः भेटतात. भारतात चेन्नईच्या एनआयओटी या समुद्र तंत्रज्ञान संस्थेत मत्स्य ६००० ही अशीच सबमर्सिबल तयार होतेय, तीन माणसं, ६,००० मीटर, २.१ मीटर व्यासाचा टायटॅनियमचा गोळा, तिकडे लक्ष ठेवा. आणि कुठल्याही जहाजावर गेलात तरी मेडिकलच्या फॉर्मवर सगळ्या सह्या आहेत का ते क्लिनिकमधून बाहेर पडायच्या आधी बघा.